इंग्रजीच्या शिक्षकांचे प्रशिक्षण त्यांच्याच वर्गात व्हावे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवणाऱ्यांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विषय निघाला की बोलणे दिवसांच्या संख्येवर येऊन थांबते. शिबिर तीन दिवसांचे की पाच दिवसांचे, किती जणांना बोलावले, किती जण आले. शिबिर आटोपून शिक्षक वर्गात परतल्यावर पहिल्या आठवड्यात काय घडते, हे मात्र कोणी विचारत नाही. आमच्या मते प्रशिक्षणाचा निकाल त्याच आठवड्यात लागतो. म्हणून प्रशिक्षणाचा मोठा हिस्सा शिक्षकाच्या स्वतःच्या वर्गात, नेहमीच्या तासाला, एखादा जाणता सहकारी मागे बसलेला असताना व्हायला हवा.

शिबिरात जोडीने संभाषण करून घेण्याची पद्धत दाखवतात. ती पटते, करून पाहताना मजाही येते. मग सोमवारी वर्गात तीच पद्धत वापरताना सूचना लांबतात, निम्म्या मुलांना काय करायचे ते कळत नाही, गोंगाट वाढतो, शेजारच्या वर्गातून कोणी डोकावते आणि पाच मिनिटांत गाडी ‘ओपन युवर बुक्स’वर येते. यात पद्धत चुकीची नसते आणि शिक्षकही कामचुकार नसतो. नवे कौशल्य पहिल्या काही वेळा बेंगरूळच जमते, आणि नेमके तेव्हा सांगायला जवळ कोणी नसते. मग माणूस स्वतः जसा शिकला तसे शिकवू लागतो. शिक्षक होण्याआधी विद्यार्थी म्हणून त्याने हजारो तास शिक्षक पाहिलेले असतात आणि तो ठसा चार दिवसांच्या व्याख्यानांनी पुसला जात नाही. समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्येच या ‘पाहून झालेल्या उमेदवारी’कडे लक्ष वेधले होते. पुढे १९८० मध्ये ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी सेवांतर्गत प्रशिक्षणावरचे संशोधन तपासून त्याचे पाच घटक मांडले: तत्त्व समजावणे, करून दाखवणे, सराव, सरावावर प्रतिसाद आणि प्रत्यक्ष वर्गात साथ. शिबिरात पहिले दोन भरपूर असतात, तिसरा थोडा, चौथा घाईघाईत आणि पाचवा जवळजवळ नसतोच. शिकलेले वर्गात उतरते ते मुख्यतः त्या पाचव्यामुळे.

सुरुवातीच्या प्रमाणपत्राने ही उणीव भरून निघेल, असे कोणी समजू नये. नव्या इंग्रजी शिक्षकांसाठीच्या, केंब्रिजच्या सेल्टा या जगभर चालणाऱ्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमात किमान १२० तासांचे काम असते. त्यात खऱ्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवण्याचे तास सहा. अभ्यासक्रम चांगला आहे, पण सहा तासांत हात बसत नाही. तो बसतो नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि त्या काळात शिक्षक वर्गात एकटा असतो.

वर्गातील प्रशिक्षणाची एक फेरी अशी असते. तासाआधी दहा-पंधरा मिनिटांची भेट. शिक्षक टाचण दाखवतात आणि निरीक्षकाने काय पाहावे ते स्वतः सांगतात. एकच गोष्ट. ‘माझे शिकवणे कसे आहे ते बघा’ ही विनंती निरुपयोगी. ‘मी प्रश्न विचारते तेव्हा उत्तर कोण देते ते बघा’ ही कामाची. मग तास. तो पूर्ण पाहायलाच हवा असे नाही, ठरलेल्या भागाची वीस मिनिटे पुरतात. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, वीस-पंचवीस मिनिटे बोलणे आणि त्यातून एक बदल ठरवणे. आठवड्याच्या आत तोच भाग दुसऱ्या तुकडीवर, किंवा तशाच स्वरूपाचा भाग त्याच तुकडीवर, बदलासह पुन्हा. वेळ नाही म्हणून हाच टप्पा गाळला जातो आणि सगळी फेरी वाया जाते, कारण बोलताना पटलेला बदल हातात आला की नाही हे दुसऱ्या तासाशिवाय कळायला मार्ग नाही. एका विषयावर निदान दोन फेऱ्या झाल्याशिवाय पुढच्या विषयाला हात घालू नये.

निरीक्षकाच्या कागदावर विशेषणे नकोत. ‘तास उत्साहवर्धक’, ‘विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक’ अशा शेऱ्यांवर शिक्षकाने करायचे काय? कागदाचे तीन रकाने पाडावेत: वेळ, शिक्षकाचे नेमके शब्द, विद्यार्थ्यांनी केलेले किंवा बोललेले. ‘१०.१४: कागद वाटले. १०.१५: सूचना, सात वाक्ये. १०.१७: तिसऱ्या रांगेतील चौघे शेजाऱ्याला विचारत आहेत.’ एवढ्यावर अर्धा तास चांगले बोलता येते. दुसरे साधन म्हणजे बाकांचा नकाशा. ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात रेघ, जो आपणहून बोलला त्याच्या चौकोनात टिंब. तास संपल्यावर रेघा बहुधा पुढच्या दोन-तीन बाकांवर आणि शिक्षक ज्या बाजूला वळून उभे राहतात त्या बाजूला दाटलेल्या दिसतात. नकाशा नुसता शिक्षकाच्या हातात द्यावा. टीकेचा एक शब्दही लागत नाही.

पहिला विषय कोणता घ्यावा, असे विचाराल तर सूचना देणे. उच्चार, व्याकरण, साहित्य हे सगळे नंतर. सूचना फसली की त्यावर उभा असलेला सगळा उपक्रम फसतो आणि दोष उपक्रमाला दिला जातो. चुका ठरलेल्या असतात. वर्ग शांत होण्याआधी बोलायला सुरुवात. कागद आधी वाटणे. मग कोणी ऐकत नाही, सगळे कागद वाचतात. एका दमात चार कामे सांगणे. सांगता सांगता मध्येच आठवलेली पुस्ती जोडणे. आणि शेवटी ‘डू यू अंडरस्टँड?’ यावर वर्ग एका सुरात ‘येस’ म्हणतो, आणि त्या ‘येस’मधून काहीही कळत नाही.

उपायही क्रमाचाच आहे. जोड्या आधी लावून घ्याव्यात, कारण सूचना ऐकल्यावर जागा बदलायला लावली की ऐकलेले हवेत विरते. वर्ग शांत झाला की कागद हातात धरून दाखवावा, वाटू नये. वाक्ये आज्ञार्थी आणि चार-पाच शब्दांची: ‘वर्क इन पेअर्स. आस्क फाइव्ह क्वेश्चन्स. डोन्ट राइट.’ मग एका विद्यार्थ्याला घेऊन पहिला प्रश्न सगळ्यांसमोर करून दाखवावा. दहा वाक्यांचे काम तेवढ्यात होते. त्यानंतर तपासून पाहणारे दोन-तीन प्रश्न: ‘आर यू रायटिंग?’, ‘हाउ मेनी क्वेश्चन्स?’, ‘कॅन यू लुक अॅट युवर पार्टनर्स पेपर?’ दोघांकडे वेगवेगळी माहिती असते त्या उपक्रमात हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण दोघांनी कागद शेजारी-शेजारी ठेवले की बोलण्याची गरजच उरत नाही. मग वेळ सांगावी, कागद वाटावेत, सुरू करायला सांगावे. सुरू झाल्यावर पहिले अर्धे मिनिट कोणाच्याही मदतीला धावू नये. मागे उभे राहून कोणत्या जोड्या अडल्या आहेत ते पाहावे. तीनपेक्षा अधिक जोड्या अडल्या असतील तर प्रत्येकीकडे जाऊन समजावण्यापेक्षा सगळ्यांना थांबवून पुन्हा करून दाखवणे बरे. नवख्या शिक्षकाने आपल्या सूचना टाचणात शब्दशः लिहाव्यात. स्वतःच्या इंग्रजीची धास्ती असणाऱ्यांनाही याचा फायदा होतो, कारण वर्ग चालवायला लागणारी इंग्रजी वाक्ये मोजकी असतात आणि तीच रोज परत येतात.

दुसरा विषय प्रश्न आणि त्यानंतरची शांतता. अमेरिकेतील शिक्षणसंशोधक मेरी बड रो यांनी विज्ञानाच्या वर्गांत मोजले तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांबली, आणि एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागली. परक्या भाषेत तर मुलाला प्रश्न समजून घ्यायचा, उत्तर सुचवायचे आणि वाक्यही जुळवायचे असते, तेव्हा सेकंदभरात काय होणार? प्रश्न, मग थांबणे, मग नाव हा क्रम पाळावा. नाव आधी घेतले की उरलेला वर्ग सुटलो म्हणून निवांत होतो. याच्या जोडीने आणखी एक सवय तपासावी: विद्यार्थ्याचे प्रत्येक उत्तर शिक्षकाने मोठ्याने पुन्हा म्हणणे. मागच्यांना ऐकू जावे हा हेतू चांगला, पण मुले एकमेकांचे ऐकायचे सोडून देतात. बाई पुन्हा म्हणणारच आहेत. ‘लाउडर, प्लीज’ म्हणून विद्यार्थ्यालाच पुन्हा बोलायला लावावे.

या सवयी सांगून पटत नाहीत, ऐकल्यावर पटतात. फोन टेबलावर ठेवून दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे आणि त्यातली फक्त तीन मिनिटे शब्दशः उतरवून काढावीत. काम कंटाळवाणे आहे, अर्धा तास सहज जातो. पण त्या पानावर शिक्षकाच्या ओळी किती आणि विद्यार्थ्यांच्या किती, विद्यार्थ्यांच्या ओळींत एकेका शब्दाच्या किती, हे डोळ्यांसमोर येते. चित्रीकरण करायचे असेल तर आधी परवानगी घ्यावी आणि कॅमेरा बाजूला, विद्यार्थ्यांकडे तोंड करून ठेवावा. शिक्षकाकडे रोखलेल्या कॅमेऱ्यात शिक्षकाला फक्त स्वतःचे केस, आवाज आणि हातवारे दिसतात. पहिल्या पाहण्यात ते होणारच. म्हणून दुसऱ्यांदा, एक ठरावीक प्रश्न घेऊन पाहावे.

चुका सुधारणे हा शिबिरांचा आवडता विषय, आणि तिथे बहुधा ‘मुलांना टोकू नका’ एवढेच सांगून सोडून देतात. प्रश्न टोकण्या-न टोकण्याचा राहिलेला नाही. रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी १९९७ मध्ये कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चुकीवर शिक्षकांनी दिलेल्या प्रतिसादांपैकी निम्म्याहून अधिक एकाच प्रकारचे होते: विद्यार्थ्याचे वाक्य दुरुस्त करून आपणच म्हणायचे आणि पुढे जायचे. त्यानंतर विद्यार्थ्याने त्याची काही दखल घेतल्याचे प्रमाण एक तृतीयांशाहून कमी. इंग्रजीच्या तासालाही हेच ऐकू येते. मूल म्हणते ‘शी गो टु स्कूल’, शिक्षक म्हणतात ‘येस, शी गोज टु स्कूल, व्हेरी गुड’, आणि मुलाला वाटते आपले बरोबर आले. त्याऐवजी ‘शी…?’ एवढेच म्हणून थांबावे, किंवा वाक्यातला एकेक शब्द एकेका बोटावर धरून दुसरे बोट हलवावे. दुरुस्ती मुलाच्या तोंडून यायला हवी. बोलण्याचा ओघ हवा असलेल्या उपक्रमात मात्र मध्ये पडू नये; वर्गात फिरत चुका टिपाव्यात, शेवटी चार-पाच वाक्ये नाव न घेता फळ्यावर लिहावीत, त्यांत एक-दोन बरोबरही घालावीत, आणि जोड्यांनीच ठरवावे.

अर्थ समजला की नाही हे तपासण्याचेही तंत्र आहे आणि ते टाचणातच तयार करावे लागते, वर्गात सुचत नाही. ‘शी यूज्ड टु लिव्ह हिअर’ शिकवायचे असेल तर विचारायचे प्रश्न असे: ती आता इथे राहते का? पूर्वी राहत होती का? एकच दिवस की बराच काळ? प्रश्नात शिकवायची रचना येता कामा नये आणि उत्तर एक-दोन शब्दांत देता यावे. असे तीन प्रश्न लिहायला बसले की आपल्याला स्वतःला तो काळ किती नीट कळला आहे, हेही उघड होते. वर्गाची भाषा शिक्षकाला येत असेल तर हे प्रश्न त्या भाषेत विचारायला हरकत नाही. काही प्रशिक्षकांना हे खपत नाही, पण अर्थाची खातरजमा आणि बोलण्याचा सराव ही दोन कामे वेगळी आहेत. भाषा सामायिक असण्याचा आणखी फायदा म्हणजे चूक कुठून येते ते शिक्षकाला माहीत असते. मराठीभाषक विद्यार्थी ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ एकाच ‘व’ने का भागवतो, ‘अ’ आणि ‘द’ का गाळतो, हे बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला शोधून काढावे लागते.

आता तासानंतरच्या बोलण्याविषयी, कारण चांगले निरीक्षण इथे मातीमोल होते. निरीक्षक फार बोलतात. आधी दोन कौतुके, मग ‘पण’, मग पुन्हा एक कौतुक या साच्याला शिक्षक लवकर सरावतात आणि कौतुक चालू असताना ‘पण’ची वाट पाहत बसतात. ‘कसा वाटला तास?’ या प्रश्नाला ‘बरा झाला’ हेच उत्तर येते. नोंद समोर ठेवून विचारावे: ‘१०.१७ ला तिसऱ्या रांगेत काय चालले असेल?’ मग गप्प बसावे. शिक्षकांना थांबायला शिकवणाऱ्याला स्वतःला थांबता आले पाहिजे. अगदी नव्या शिक्षकाला मात्र प्रश्नांच्या फेऱ्यात अडकवू नये. त्याला काय करायचे ते सरळ सांगावे, करून दाखवावे. स्वतःहून कारण शोधण्याची अपेक्षा चार-पाच वर्षे शिकवलेल्यांकडून करावी. नोंदीची एकुलती प्रत शिक्षकाकडे राहावी.

हे शेवटचे वाक्य प्रशासनाला रुचणार नाही, याची कल्पना आहे. पण ज्याच्या हातात गोपनीय अहवाल आहे तो मागे बसला की शिक्षक राखून ठेवलेला तास घेतात: आधी झालेला पाठ, निवडक मुलांना प्रश्न, नीटनेटका फळा. त्या तासातून शिकण्यासारखे काही उरत नाही, कारण अडचण दिसू नये हीच त्याची रचना असते. मूल्यमापनाला कोणाचा विरोध नाही. ते वेगळ्या दिवशी, वेगळ्या व्यक्तीने करावे.

बाहेरचा मार्गदर्शक मिळत नसेल तर चार ते सहा इंग्रजी शिक्षकांनी मिळून जपानी शाळांतील पाठ-अभ्यासाची पद्धत वापरावी. एक पाठ सगळ्यांनी मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी शिक्षकाकडे न पाहता प्रत्येकी दोन-तीन विद्यार्थ्यांवर नजर ठेवायची. मग पाठ दुरुस्त करून दुसऱ्याने दुसऱ्या तुकडीवर घ्यायचा. पाठ सगळ्यांचा असल्याने फसला तरी एकट्याची लाज जात नाही. सूक्ष्म अध्यापन, म्हणजे सहकाऱ्यांपुढे पाच-दहा मिनिटांचा छोटा पाठ, हे १९६३ पासूनचे स्टॅनफर्ड विद्यापीठाचे तंत्र सुरुवातीला उपयोगी आहे, पण त्याची मर्यादा ओळखावी. विद्यार्थी झालेल्या सहकाऱ्यांना इंग्रजी येते. कितीही गोंधळाची सूचना त्यांना कळते. त्यामुळे नेमका जो दोष पकडायचा तो तिथे दिसत नाही.

साखळी पद्धतीच्या प्रशिक्षणावर, म्हणजे वरच्यांनी मधल्यांना आणि मधल्यांनी खालच्यांना शिकवण्यावर, आमचा फारसा विश्वास नाही. प्रत्येक पायरीवर वेळ कापला जातो आणि कापताना आधी सराव जातो. शेवटच्या शिक्षकापर्यंत पोहोचतात त्या सरकचित्रांच्या (स्लाइड्सच्या) छापील प्रती.

अडचण पैशापेक्षा वेळापत्रकाची आहे. निरीक्षक आणि शिक्षक या दोघांचा आठवड्यात एक मोकळा तास जुळला नाही तर वर सांगितलेले काहीही होणार नाही. तो तास वर्षाच्या सुरुवातीलाच वेळापत्रकात छापावा आणि बदली तासासाठी कोणी तो उचलू नये. मुख्याध्यापकांनी एवढे केले तरी एका शिक्षकामागे सत्रात दोन विषय, प्रत्येकी दोन फेऱ्या, सहज बसतात. प्रशिक्षणानंतर भरून घेतल्या जाणाऱ्या समाधानाच्या अर्जांऐवजी सहा-आठ आठवड्यांनी तोच वर्ग पुन्हा पाहावा: नकाशावर किती वेगळ्या चौकोनांत रेघा आल्या, सूचनेनंतर किती जोड्या अडल्या, तीन मिनिटांच्या उतरवलेल्या पानावर विद्यार्थ्यांची पूर्ण वाक्ये किती. आणि प्रशिक्षणाच्या अहवालात उपस्थितीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना असावा: दुसऱ्यांदा घेतलेल्या तासाची तारीख. तो रिकामा असेल तर फेरी पूर्ण झाली असे धरू नये.

आपले नम्र,
इंग्रजीच्या शिक्षक-प्रशिक्षणात काम करणारे काही जण